पळसदेवच्या फाट्यावर राहिलेलं बाळ

तात्या, तुम्ही गेलात तेव्हा ते बाळ पळसदेवच्या फाट्यावर एकटंच बसलं होतं. खरंखुरं नव्हे, गोष्टीतलं. पण ते गोष्टीतलं आहे हे तुम्हाला आणि मला ठाऊक. पाच वर्षांच्या ईशूला कोण सांगणार? आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलीत, एवढ्या वर्षांत एखादी म्हातारी गाडीत पिशवी विसरली तर ती घरपोच केलीत, आणि नातीला सांगायला घेतलेली गोष्ट मात्र अशी अर्ध्या रस्त्यात टाकून उतरलात. मला तुमचा राग आलाय. आधी तो सांगते, मग बाकीचं.

भेटायला येणारे विचारतात, कसं झालं, काय झालं. हयातीचा दाखला द्यायला म्हणून इंदापूरच्या घरी गेलात, आणि सकाळी ओट्यावर चहा पिता पिता बसल्या जागी गेलात. चहा निम्मा कपातच होता म्हणे. "हयातीचा दाखला द्यायला गेले आणि तेवढंच राहिलं बघ," नितीन म्हणाला, आणि आम्ही दोघं भावंडं एकमेकांकडं बघून रडता रडता हसलो. तुम्हीही हसला असतात. असला विनोद दुसऱ्या कोणी केलेला तुम्हाला सहन झाला नसता, एवढंच.

रुद्र झाला तेव्हा मीच तुम्हाला फोन केला होता. "तात्या, या. मला आवरंना." बारामतीत एमआयडीसीजवळच्या आमच्या दोन खोल्या, ह्यांची डेअरीतली पाळी, माझे टाके अजून ओले, आणि ईशूनं घर डोक्यावर घेतलेलं. बाळाचं टोपडं तिनं तांदळाच्या डब्यात पुरलं होतं. स्वतः बाटलीनं दूध मागत होती, रांगत होती. एकदा पाळण्यात वाकून लाडानं पापा घेतेय असं वाटलं, तर पोराच्या पायाला हा एवढा चिमटा. "दवाखान्यात परत देऊन या," हे तर दिवसातनं दहा वेळा. आल्यागेल्यानं "आता तू ताई झालीस बरं का" म्हटलं की ही फणकारायची, "मी न्हाय ताई. मी ईशू हाय."

तुम्ही दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं आलात. एक पिशवी, दोन धोतरं आणि तुमचा तो अडकित्ता. मला वाटलं, आता पोरीला जवळ घेऊन समजावतील. कसलं काय! तुम्ही दिवाणावर बसलात, सुपारी कातरलीत आणि भिंतीकडं बघून म्हणालात, "ह्या गाडीला कंडक्टर न्हाय व्हय? मग हालायची कशी?"

ईशू दाराआडून बघत होती. "तुमीच हाय की कंडक्टर."

"मी रिटायर गडी. मला काढून टाकलं सरकारनं. जागा रिकामी हाय. पण पगार न्हाय, आधीच सांगतो."

पगाराचं तिला काय! ती उडी मारून दिवाणावर आली. तुम्ही माझ्या परकराची नाडी ओढून काढलीत, खिडकीच्या गजाला बांधलीत, आणि तिच्या टोकाला देव्हाऱ्यातली घंटी. मी आतनं ओरडले, "तात्या, देवाची घंटी हाय ती!" तर म्हणे, "देव गाडीत बसत न्हाय व्हय?" एक टोला म्हणजे सिंगल, गाडी थांब. दोन टोले म्हणजे डबल, गाडी चल. अडकित्त्यानं टकटक आवाज काढून, कंडक्टरच्या जुन्या चिमट्यासारखी, तिकिटांना भोकं पाडायची. आणि रुद्र तुमच्या मांडीवर. तो प्रवासी.

"ह्याला तिकीट?" ईशूनं नाक मुरडून विचारलं.

"ह्याला तिकीट न्हाय. पाच वर्साखालचं फुकट. पर एक ध्यानात ठिव. ज्याला तिकीट न्हाय त्याच्याकडं कंडक्टरनं जास्त बघायचं. कागुद त्याची आठवण देत नसतो."

हे वाक्य मी पोळ्या लाटता लाटता ऐकलं होतं, तात्या. तेव्हा कानावरनं गेलं. आता जात नाही.

मग रोज संध्याकाळी ती गाडी निघायची. बारामतीहून सुटायची, भिगवणला वळायची आणि इंदापूरच्या दिशेनं लागायची. तुम्ही एकेका थांब्यावरची माणसं आणायचात. कोंबडीला घेऊन चढणारी आजी, उसाच्या मोळीवर बसून झोपणारा पैलवान, चष्मा विसरलेले मास्तर. ईशू खिदळायची. पण पहिल्याच दिवशी, गाडी एमआयडीसीच्या गेटाशी थांबली, तर ही म्हणाली, "बाळाला हितंच उतरवा." आणि नाडी दोनदा ओढली. डबल. मी पीठ माखलेल्या हातानं बाहेर आले. वाटलं, तुम्ही म्हणाल, असं करू नाही, ते लहान आहे. तुम्ही म्हणालात, "कंडक्टरचा हुकूम." आणि गाडी बाळाला सोडून चालली.

दुसऱ्या दिवशी ते बाळ दुधाच्या टँकरमध्ये बसून, सायीची मिशी लावून परत आलं. ईशू पोट धरून हसली आणि भिगवणला पुन्हा त्याला सोडलं. तिथनं ते माशांच्या टोपलीत बसून आलं. डाळजला सोडलं, तर उसाच्या ट्रॅक्टरवर शिट्टी मारत आलं. रोज सोडायचं, रोज यायचं. खरं सांगायचं तर चिमटे थांबले होते. ते मला दिसत होतं, पण मान्य करायचं नव्हतं.

मग आलं पळसदेव. ईशूनं डबल दिली, बाळ फाट्यावर राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आज कशात बसून आलं?" तुम्ही म्हणालात, "आज न्हाय आलं. हितनं पुढं मी आणणार न्हाय. कंडक्टर तू. तुला वाटंल तवा आण."

तिला वाटेना. एक दिवस गेला, दुसरा गेला. गाडी रिकामीच लोणीकडं जायची आणि वाटेतच तिला झोप यायची. इंदापूर कधी आलंच नाही. आणि मी स्वयंपाकघरात जळत होते. दुसरा कुठला फाटा नव्हता तुम्हाला?

शेवटी एका दुपारी फुटलेच. तुम्ही ताटावर बसला होतात, मी वाढत होते. "तात्या, पोरीला काय शिकवताय? भावाला फाट्यावर सोडायचं? चांगलं काही सांगता येत न्हाय? दोघं मिळून खेळतात, वाटून खातात, असलं काहीतरी?"

"तसलं सांगणारे लई हायती," तुम्ही म्हणालात. "तिच्या पोटात जे हाय ते गोष्टीत तरी निघू दे. एकदा सोडून बघू दे. मागं वळून बघायचं कुणी कुणाला शिकवून येत न्हाय."

"तुम्हाला सवयच हाय पोरं फाट्यावर सोडायची."

तुमचा घास हातातच राहिला. मी बोलले ते बोलले. तीस वर्षं पोटात होतं ते आमटीबरोबर वाढलं. ताट पूर्ण केलंत, हात धुतलात, बाहेर जाऊन सुपारी कातरत बसलात. एरवी अख्ख्या गाडीला पुरेल एवढी बडबड करणारा माणूस, आणि माझ्यापुढं मूग गिळून बसायचा. आजन्म तुमचं माझं भांडण असंच झालं, मी एकटीनं केलेलं.

आता वाचणाऱ्याला सांगायला हवं, पळसदेव म्हणजे काय ते. नितीन झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. आई बारामतीच्या दवाखान्यात. मला इंदापूरला आत्याकडं ठेवायचं म्हणून तुम्ही मला तुमच्या ड्यूटीच्या गाडीतच घेतलंत. त्या उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी खूप उतरलं होतं. पळसदेवच्या फाट्यावर गाडी थांबली, आणि कोणीतरी म्हणालं, पाण्यातलं देऊळ उघडं पडलंय. सगळे खिडकीतनं वाकून बघायला लागले. मला खिडकी पुरेना. उतरणाऱ्या माणसांच्या पायांतनं मी खाली उतरले, टपरीच्या मागं गेले, आणि लांब पाण्याच्या कडेला काळं काहीतरी दिसतंय का बघत राहिले. मागं दोन टोले वाजले. वळले तर गाडीची पाठ.

तुम्ही तिकिटं मोजली होतीत. उतरले किती, चढले किती, सगळं जुळलं. मला तिकीट नव्हतं, म्हणून हिशोबात मी नव्हतेच. अशी चूक कंडक्टरचाच हात करू शकतो. दुसऱ्या कुठल्या बापानं तिकिटं नाही, पोरगी मोजली असती.

मला आठवतं ते एवढंच. मासे विकणारी एक मावशी, तिच्या टोपलीचा वास, तिनं दिलेली शेंगदाण्याची चिक्की. मग तुम्ही एका दुधाच्या गाडीतनं उतरलात आणि माझ्या पाठीत धपाटा घातलात. त्यानंतर मी तुमच्या खांद्यावर झोपले, ती जागी झाले थेट आत्याच्या घरी. आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर नव्या बाळाला बघायला बारामतीला. माझ्या चिक्कीचं, माझ्या धपाट्याचं कोणाला काही नाही. पुढं आई, होती तोवर, तुमच्याशी भांडली की म्हणायची, "गाडी डेपोला लावून आला असाल निवांत, पोरीचं काय!" तुम्ही तेही खोडलं नाहीत. म्हणून मला तेच खरं वाटत आलं. आधी गाडी इंदापूरला पोचवली, मग मला आणायला आले. नितीन तेवढा मोजलेला आणि मी फुकटची.

त्या जेवणानंतर दोनच दिवसांनी तुम्ही इंदापूरला निघालात. दाखल्याचं निमित्त होतं की माझ्या बोलण्याचं, मला ठाऊक नाही. आता कळायचंही नाही. दारात ईशूनं धोतर धरलं. "तात्या, आणि बाळ?"

"बघू," तुम्ही म्हणालात. "जाताना फाट्यावर नजर टाकतो."

माझ्याकडं बघून म्हणालात, "स्वाते, येतो गं." मी "या" म्हणाले, चांगलं म्हणाले, तेवढं तरी बरं. पण दारात थांबले नाही. रुद्र रडत होता.

नंतरचे दिवस इंदापूरच्या घरात गेले. माणसांची रीघ. रात्री उशाला नितीनच्या बायकोनं तुमचं घोंगडं दिलं, त्याला तंबाखूचा आणि सुपारीचा वास. ईशू दिवसभर ओट्यावर बसायची, तुम्ही बसायचात तिथंच. शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "तात्या देवाघरी गेलं बाळा." तर ही म्हणते, "न्हाय. पळसदेवला गेलेत. बाळाला आणायला." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले.

पण ती रुद्रला शिवेना झाली. मी आंघोळीला जाताना म्हटलं, जरा त्याच्यापाशी बस. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. "नको. मी सोडून येते ना लोकान्ला." मला काही समजेना. जवळ घेतलं, तर माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "मी डबल दिली म्हणून तात्या उतरला. मी दिलीच नसती तर गेलाच नसता."

मी म्हटलं, नाही गं, असं नसतं. दहा तऱ्हांनी म्हटलं. ती मान हलवायची आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसायची, रस्त्याकडं बघत. जेवण कमी केलं. झोपेत नाडी ओढल्यासारखा हात हवेत हलवायची, दोनदा नाही, एकदाच. सिंगल. मला मेलीला गोष्ट सांगता येत नाही. तुम्हाला विचारावं म्हणून एकदा खरंच फोन हातात घेतला, तात्या. नाव काढलं, आणि मग कळलं काय करतेय ते. तुमचा फोन आतल्या खोलीत फडताळावर होता, बंद.

तेराव्याला गफूरमामा आले. तुमचे जुने ड्रायव्हर. काठी टेकत, नातवाच्या मोटारसायकलवरनं उतरले आणि तुमच्या फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याशेजारी बसले. ओट्यावर पाठमोऱ्या बसलेल्या ईशूकडं बघून म्हणाले, "ही तुझी? तू अशीच हुतीस. पळसदेवला राहिलीस तवा एवढीच हुतीस."

"तुम्हाला आठवतंय मामा?"

"न आठवायला काय झालं? माझ्या गाडीत घडलं. लोणीच्या अलीकडं ह्यानं सिंगल दिली. मी बिरेक मारला, मागं बघतो तर गडी पांढराफट. पैशाची पिशवी टाकली माझ्या मांडीवर. पोरी, कंडक्टर जीव दील पर पिशवी देत न्हाय. दार उघडलं आन उलट्या बाजूनं पळत सुटला. म्हणलं, आरं थांब, गाडी वळवतो. ऐकतोय कुठं! निम्मा रस्ता पळत, निम्मा दुधाच्या गाडीला लटकून. कंडक्टर न्हाय तर गाडी हलवायची कशी? मी इस्टेरिंग धरून रानात बसलेलो, आन परवाशी माझ्या नावानं शिमगा करत्यात."

"म्हणजे ते इंदापूरला पोचून मग नाही आले?"

"कोण म्हणलं? परत आला तवा तू खांद्यावर झोपलेली, आन त्यो रडत हुता. सगळ्या गाडीपुढं. मग एक माणूस बोलला न्हाय. डेपोत साहेबानं मेमो दिला, वाढ थांबवली त्या वर्साची. मला म्हणला, गफूर, हे घरात कळू देऊ नको. पोरीला वाटंल तिच्यामुळं झालं."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. अहो तात्या, तोंड होतं ना तुम्हाला? तीस वर्षं मी तुम्हाला बोल लावले, तुम्ही नुसती सुपारी कातरलीत. मला वाटू नये की माझ्यामुळं झालं, म्हणून! त्यापेक्षा मला काय वाटत राहिलं, ते एकदा विचारायचंत. तुम्ही मोठ्या मनानं सोसलंत हे खरं, मी त्याबद्दल हात जोडते. पण तुम्ही माझी फसवणूकही केलीत. माझ्यासाठी कोणीतरी चालती गाडी रानात उभी केली होती, हे ठाऊक असतं तर मी जरा निराळी वाढले असते. हे भांडण मिटलेलं नाही. तुम्ही नाहीत म्हणून मी ते सोडणार नाही.

मात्र तिथंच, मोरीत, एक ठरवलं. तुमच्यासारखं गप्प बसायचं नाही. ईशूला सगळं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी निघालो. हे आधीच कामावर गेले होते. नितीननं मोटारीनं सोडतो म्हटलं, मी नको म्हटलं. घराला कुलूप लागलं, आणि किल्ली त्यानं माझ्या हातात दिली. "तुझ्याजवळ राहू दे ताई. तू जवळ आहेस." भला आहे तो. त्याचा काय दोष होता? तो नुसता जन्माला आला होता.

इंदापूरच्या स्टँडवरनं भिगवणमार्गे बारामती. लाल गाडी, कंडक्टर एक तरुण पोरगी, गळ्यात तिकिटाचं मशीन. "बायकांना अर्धं," ती म्हणाली, "आणि हिलापण अर्धं." ईशूनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. "आईला पण अर्धं, मला पण अर्धं?" "व्हय," कंडक्टरीण हसली, "दोघी मिळून एक." मांडीवरच्या रुद्रकडं बघून पुढं गेली. त्याला तिकीट नव्हतं.

गाडी हायवेला लागली आणि मी सुरुवात केली. तुमच्यासारखी माणसं मला आणता येईनात, ना कोंबडी ना पैलवान. जे झालं तेच सांगितलं. एक कंडक्टर होता. त्याची चार वर्षांची पोरगी गाडीत होती. तिच्या घरी नवीन बाळ आलं होतं, आणि तिला ते आवडलं नव्हतं.

"का?" ईशू खिडकीकडं बघतच होती.

"कारण सगळे त्यालाच बघत होते."

मी पुढं सांगत गेले. देऊळ, टपरी, दोन टोले. "कंडक्टरनं पोरगी सोडली?" ती वळली. "मुद्दाम?"

"चुकून. तिला तिकीट नव्हतं. त्यानं तिकिटं मोजली, माणसं मोजली नाहीत."

"मग?"

"मग त्याला आठवलं. त्यानं सिंगल दिली. गाडी रानात उभी केली, पैशाची पिशवी ड्रायव्हरला दिली आणि पळत सुटला."

"पिशवी दिली?" तिला तुम्ही शिकवलेलं होतं, पिशवी कोणाला देत नसतात. "लोक ओरडले आसतील."

"लई ओरडले. त्यानं ऐकलं न्हाय."

"सापडली?"

"सापडली. चिक्की खात बसलेली. त्यानं धपाटा घातला आणि उचलून घेतलं, आणि रडला."

ईशू विचार करत होती. रस्त्याकडेला उसाचे ट्रॅक्टर मागं पडत होते. "ती पोरगी कोण?"

"मी."

"आणि कंडक्टर?" मग माझ्या तोंडाकडं बघून तिचं तिलाच कळलं. "तात्या? तात्यानं पण सोडलं हुतं?"

"सोडलं होतं. आणि परत आणलं. ईशू, ऐक. सोडलं म्हणून कोणी मरत नाही. मी मेले का? तात्याच्या छातीत दुखणं होतं, जुनं. ते तुझ्या घंटीनं झालं नाही. तुझ्या गोष्टीवर तर तो खूश होता. तू आणशील म्हणून वाट बघत होता."

लोणी गेलं. मग उजव्या बाजूला लांबवर पाणी चमकायला लागलं आणि गाडी हळू झाली. पळसदेवचा फाटा. दोन माणसं उतरली, रिकामी टोपली घेतलेली एक बाई चढली. माशांचा वास आला. कंडक्टरणीनं दोरीला हात घातला.

"थांबा! डबल देऊ नका!"

ईशू सीटवर उभी होती. सगळी गाडी वळून बघायला लागली.

"का गं? उतरायचंय?"

"न्हाय. आमचं बाळ मोजलं का?"

"बाळाला तिकीट नसतंय."

"म्हणूनच म्हणते. ते मशिनीत न्हाय. पण हाय." आणि तिनं रुद्रच्या टोपड्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

लोक हसले. कंडक्टरीण हसली नाही, देव तिचं भलं करो. दोन सीट मागं आली, वाकून रुद्रकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "एक बाळ. मोजलं. आता देऊ?"

ईशूनं खिडकीतनं फाटा एकदा सगळा बघून घेतला. टपरी, बाकडं, त्याच्या मागची मोकळी जागा. कोणी राहिलं नाही ना, ते बघितलं. मग खाली बसली, मांडी घातली, माझ्याकडं हात पुढं केले. "दे माझ्याकडं. आणि तुमी द्या डबल."

दोन टोले वाजले. मी रुद्रला तिच्या मांडीवर दिला, खालनं माझा हात ठेवला. ती त्याला सांगत होती, आता भिगवण येईल, तिथं वळायचं, घाबरायचं न्हाय, कंडक्टर मी हाय. तिचं काम झालं होतं, तात्या. तुमचंही झालं. माझ्या पिशवीत तुमच्या घराची किल्ली होती, मांडीवर कोणी नव्हतं, आणि मला रडूही येत नव्हतं.

मी मागं वळून बघितलं. फाटा लहान होत गेला, मग वळणाआड गेला, तरी मी मान वळवून बसले होते. रस्त्यावर कोणी पळत येत नव्हतं.